शुक्रवारची गोळी

डॉक्टरांनी "पॉझिटिव्ह" म्हटलं तेव्हा मी त्यांच्या टेबलफॅनकडे बघत होतो. त्याचं बेअरिंग गेलं होतं. दर फेऱ्याला टक, टक. मी जॉबर माणूस. भिवंडीत पॉवरलूम दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यातले चोवीस लूम माझ्या हाताखाली होते, आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून कुठला लूम बिघडलाय ते मी सांगायचो. स्वतःच्या छातीतला आवाज मात्र वर्षभर ऐकून न ऐकल्यासारखा केला.

डॉक्टर पुढे बरंच बोलले. मला आठवतं ते एवढंच, की शेजारी बसलेल्या सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, पदराने चष्मा पुसला. तिचा चष्मा स्वच्छच होता.

हे मी ज्यांच्या वाट्याला असं काही आलंय किंवा येणार आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मला उपदेश जमत नाही. मी काय चुकलो ते तेवढं सांगता येईल, आणि ते मी सांगणार आहे. आजार कसा झाला, हे विचारू नका. ते मला ठाऊक आहे, सुनंदाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. तिची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. त्या दिवसापासून देवाकडे मी स्वतःसाठी फारसं काही मागितलं नाही.

सुरुवात खोकल्याने झाली होती. लूमवर खोकला सगळ्यांनाच असतो. हवेत कापसाचा भुरा उडत असतो, तो नाकात जातो, केसांत बसतो, जेवणाच्या डब्यात पडतो. त्यामुळे मी खोकलो तर कोणी मान वळवून बघत नसे. आमचे हमीदशेठ, कारखान्याचे मालक, चेष्टा करायचे, "दामू, तेरी खाँसी मेरे लूम से जादा आवाज करती है." आम्ही हसायचो. मग ताप यायला लागला. पँट कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा मी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. असं तिसरं भोक पाडलं त्या दिवशी सुनंदाने मला धरून दवाखान्यात नेलं. वजन भरलं एकेचाळीस किलो.

आधी टीबी निघाला. टीबीवाल्यांची एचआयव्हीची तपासणी करतात, तशी माझी केली. मग त्यांनी सीडी-फोर काढायला सांगितला. सीडी-फोर म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा. धडधाकट माणसात तो पाचशेच्या वर असतो. माझा एकसष्ट होता.

"उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले. ते खोटा धीर देणाऱ्यांतले नव्हते. "सीडी-फोर खाली आहे, वजन कमी, रक्त कमी, वर टीबी. हे सगळं असलं की पहिले सहा महिने धोक्याचे असतात. तेवढे काढलेत तर पुढचं बघू."

सरकारी रुग्णालयात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, फुकट मिळायला लागून एखाद-दोन वर्षंच झाली होती. ते रुग्णालय कुठलं ते सांगत नाही. आमच्या कोन गावातून दोन रिक्षा आणि एक एसटी, एवढं लांब. पहिले दोन महिने नुसतं टीबीचं औषध दिलं, मग एआरटी सुरू झालं.

ते सहा महिने मी पडून काढले. सकाळी उलटी, दुपारी झोप, संध्याकाळी ताप. रात्रीच्या गोळीने अशी स्वप्नं पडत की जाग आल्यावर थकवा दुप्पट व्हायचा. सुनंदा गोळी हातावर ठेवायची, मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची आणि मग "आ करा" म्हणायची. मी आ करायचो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, तोंड उघडून दाखवतोय.

घरात आय होती, थोरला भाऊ आणि वहिनी होती. त्यांना फक्त टीबी माहीत होता. गोळ्या पुष्कळ होत्या, पण टीबीच्या नावाखाली सगळं खपून गेलं. आमच्या आगरी घरांत टीबी झालेला माणूस चालतो. त्याला अंडी, मटणाचं सूप देतात, बोलायला येतात. दुसऱ्या रोगाचं नाव काढलं असतं तर आमच्या दारात कोण उभं राहिलं असतं, सांगता येत नाही. मी आणि सुनंदाने ठरवलं, बोलायचं नाही. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं.

सहा महिन्यांनी सीडी-फोर एकशे अडुसष्ट आला. वजन पन्नास. डॉक्टर पहिल्यांदा हसले. टीबीचा कोर्स संपला, आणि एआरटीची गोळी बदलून दिली. तिन्ही औषधं एकाच गोळीत, सकाळी एक, संध्याकाळी एक, बारा तासांच्या अंतराने.

इथपर्यंत मी मरणातून वाचत होतो. इथून पुढे मी गाढवपणा केला.

टीबी बरा झाल्याचं आयने आळीभर सांगून टाकलं. नारळ फोडला. आता घरात गोळ्या घेत बसलो तर काय सांगायचं? मी कामावर परत जाऊ लागलो होतो. आमची शिफ्ट सकाळी आठ ते रात्री आठ. मला वाटलं, डॉक्टरांनी बारा तास सांगितले आणि शिफ्टही बारा तासांची, असा योग कुठे मिळतो? मी गोळ्यांची बाटली कारखान्यातल्या माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, पान्यांच्या खाली. आल्या आल्या एक गोळी, निघताना एक. जॉबरच्या पेटीला दुसरं कोणी हात लावत नाही. सुनंदालाही ते पटलं.

फक्त शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. कारखान्याला कुलूप, किल्ली हमीदशेठकडे, पेटी आत.

पहिले दोन आठवडे मी गुरुवारी दोन गोळ्या कागदात बांधून खिशातून घरी आणल्या. दुसऱ्या शुक्रवारी आयने धुवायला शर्ट घेतला आणि पुडी तिच्या हाताला लागली.

"काय रं, कसली गोली ही?"

"डोकेदुखीची," मी म्हटलं.

"मग मना बी दे एक. सकालपासून डोका धरलाय."

तिने ती तळहातावर घेतलीसुद्धा. मी झडप घालून काढून घेतली. ती माझ्याकडे बघतच राहिली. एक गोळी देईना असा मुलगा, तिला काय वाटलं असेल! त्यानंतर मी घरी गोळी आणणं सोडून दिलं.

आणि मनाची समजूतही घातली. लूमला शुक्रवारचा आराम मिळाला की शनिवारी तो नीट चालतो, हे मी वीस वर्षं बघत आलो होतो. मग शरीरालाही हप्त्यातून एक दिवस औषधाचा ताण नको. हे मी खरंच स्वतःला सांगायचो. गुरुवारी रात्री आठ ते शनिवारी सकाळी आठ, छत्तीस तास. शुक्रवारी जेवताना सुनंदा सगळ्यांदेखत नुसती नजरेने विचारायची, घेतली? मी मान हलवायचो.

दर महिन्याला रुग्णालयात बाटली दाखवावी लागे, किती गोळ्या उरल्या ते बघायला. उरलेल्या गोळ्या दिसू नयेत म्हणून मी आदल्या दिवशी कामावरून येताना खाडीकाठी थांबायचो आणि बाटली पाण्यात रिकामी करायचो. ज्या गोळ्यांसाठी माणसं आदल्या दिवसापासून रांगेत बसत, त्या मी खाडीतल्या माशांना घातल्या.

रुग्णालयातल्या बाकावर माझी यादवशी ओळख झाली होती. दापोड्याच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. आमचं औषध एकाच हप्त्यात सुरू झालेलं. सुरुवातीला त्याचा सीडी-फोर एकशे चाळीस होता. शाळेतल्या मार्कांसारखा तो मला चिडवायचा, "दामूभाई, हम तो फर्स्ट क्लास में हैं, तुम तो नापास." दिसायलाही दांडगा. आम्हा दोघांत कोण आधी जाईल असं कोणी विचारलं असतं, तर मीच माझ्याकडे बोट दाखवलं असतं.

वर्षाच्या तपासणीला गेलो तेव्हा यादव बाकावर नव्हता. त्याच्या गोदामातल्या एका माणसाने सांगितलं, तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. गावात गोळ्या घेताना कोणी बघेल म्हणून त्याने बाटली इथेच खोलीवर ठेवली. दोन महिने राहिला. आजारी पडला आणि तिकडेच गेला. मी त्याच्या जागेवर बसलो नाही. उभाच राहिलो.

त्याच दिवशी माझा रिपोर्ट आला. सत्त्याण्णव.

डॉक्टरांनी फाईल पुढे-मागे चाळली. "चढायला हवा होता. उतरलाय. गोळ्या चुकतात का?"

"एकसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मग रेझिस्टन्स आला असेल. म्हणजे विषाणूला औषधाची सवय झाली, आता तो दाद देत नाही. तसं असेल तर याच्या पुढचं औषध सध्या आपल्याकडे फुकट मिळत नाही. ही शेवटची पायरी आहे असं समजा." मग त्यांनी मला समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

त्या नवीन होत्या. आधीच्या बाई बाटली हलवून बघायच्या आणि खूण करायच्या. यांनी बाटली हातात घेतली, उघडली, पालथी केली. मग माझ्याकडे बघितलं.

"साठ गोळ्या दिल्या होत्या. अठ्ठावीस दिवसांनी बोलावलं. रोजच्या दोन. किती उरायला हव्यात?"

मी टेबलावरच्या झाकणाकडे बघितलं.

"चार. सगळ्यांकडे चार-सहा उरतात. तुमची बाटली दर महिन्याला रिकामी, असं आधीच्या नोंदीत दिसतंय. आणि हे झाकणाला काळं कसलं?"

"ग्रीस."

"लूमवर आहात? माझे वडील पण होते, शांतिनगरला. म्हणजे बाटली कारखान्यात असते." त्यांनी झाकण परत लावलं. आवाज चढवला नाही. "आणि शुक्रवारी?"

मी वीस वर्षं आवाजावरून बिघाड ओळखत आलो. माझा बिघाड त्या बाईने दोन मिनिटांत, काळ्या झाकणावरून ओळखला. मी सगळं सांगितलं. पुडीचं, आयच्या डोकेदुखीचं, खाडीचं. सुनंदा शेजारीच बसली होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

मॅडमने आम्हाला परत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "तीन महिने. एकही गोळी चुकवायची नाही. मग परत सीडी-फोर बघू. चढला तर औषध अजून काम करतंय. नाही चढला, तर माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही." मॅडम म्हणाल्या, "घरात एका माणसाला तरी सांगा. लपवून घेतलेलं औषध कुठे ना कुठे चुकतंच. ते माझ्या कागदावर लिहायला रकाना नाही, पण मी रोज बघते."

एसटीत सुनंदा खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच कोनपर्यंत आली. उतरल्यावर रस्त्यातच थांबली.

"रोग झाला तवा मी तुमाला एक शबूद बोलली न्हाय. पन तुमी सा महिने मान हालवून माज्याशी खोटा बोललाव. ते मी इसरनार न्हाय." आणि चालायला लागली. ती अजूनही विसरलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आयला सांगायचं ठरलं. तिला माझ्याऐवजी सुनंदाने सांगितलं, मी चुलीपाशी खाली मान घालून बसलो होतो. आयला रोगाचं नाव माहीत होतं. गावात एक जण त्याने गेला होता, त्याची अंत्ययात्रा चार माणसांनी कशी उरकली ते तिने पाहिलं होतं. ती उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं निघालं. माझा पेला खिडकीत पालथा. मॅडमने सुनंदाला समजावलं होतं, ताटातून, पेल्यातून, सोबत बसण्यातून हा आजार लागत नाही. सुनंदाने ते आयला चार वेळा सांगितलं. आय ऐकायची आणि पेला खिडकीत ठेवायची. मला रागही आला नाही. माणूस थकला की रागाला लागते तेवढी ताकदही उरत नाही.

गुरुवारी मी बाटली घरी आणली आणि उघड्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

शुक्रवारी सकाळी लूम बंद, म्हणून सगळा रस्ता शांत होता. मी ओसरीवर बसलो होतो. आय आतून आली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात तिचा तांब्याचा गडू. आता त्या गडूविषयी सांगायला हवं. आय चाळीस वर्षं सोमवार धरायची, आणि त्या गडूतून तिच्याशिवाय कोणी पाणी प्यायचं नाही. नातवंडांनीसुद्धा नाही. लहानपणी एकदा मी तोंड लावलं तर तिने तो चिंचेने घासून, दिवसभर उन्हात ठेवला होता.

"आठ वाजलं," ती म्हणाली. "घे."

मी गोळी घेतली, गडू वर धरून पाणी तोंडात सोडायला लागलो.

"वरून नको. तोंड लाव."

मी तोंड लावलं. तिने गडू माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी तिथेच उभी राहून पिऊन टाकलं. मग म्हणाली, "मी चालीस वरीस सोमवार धरतंय, एक बी चुकवला न्हाय. आनि तुला शुकरवारी एक गोली गिलवत न्हाय?" आत जाऊन तिने खिडकीतला पेला उचलला आणि बाकीच्या पेल्यांत ठेवला. मी ओसरीवर बसून रडलो. वहिनी बघत होती, तरी रडलो.

त्या दिवसापासून सकाळी आठ आणि रात्री आठ ही आयची ड्युटी. माझी शिफ्ट दोन तासांनी कमी करून घेतली, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. हमीदशेठनी कारण विचारलं, मी "तबियत" म्हटलं, त्यांनी पुढे विचारलं नाही. आयला घड्याळ कळायचं नाही. शेजारच्या रेडिओवर कुठला कार्यक्रम लागला की आठ झाले, ते तिने पाठ केलं होतं. कधी कंटाळा यायचा. दिवसातून दोनदा, जन्मभर, तीच कडवट चव. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "तुजा कंटाला तुज्याजवल ठेव. तोंड उघड."

तीन महिन्यांनी एकशे चौपन्न आला. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "चालतंय अजून." त्यानंतर सहा महिन्यांनी दोनशे चाळीस. मॅडमने बाटली पालथी केली, चार गोळ्या टेबलावर पडल्या, आणि त्यांनी त्या एका ओळीत लावून ठेवल्या.

आय तीन वर्षांनी गेली. तिला कसलाच मोठा आजार नव्हता, झोपेतच गेली. शुक्रवार होता. पहाटे कळलं. सकाळपर्यंत अंगण भरलं, पण उरणहून बहीण यायची होती म्हणून सगळे थांबले होते. घरात मयत असलं की आमच्यात चूल पेटत नाही, माती देऊन येईपर्यंत तोंडात कोणी काही घालत नाही. थोरल्या भावाने विधीसाठी उपरणं घेतलं होतं. मी आयच्या पायाशी बसलो होतो. वेळेचं भान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवशी ते नकोही होतं. शेजारचा रेडिओ बंद ठेवला होता.

सुनंदा आतून आली. भावकीतली चाळीस-पन्नास माणसं, बायका, त्यांच्यामधून वाट काढत. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात तो गडू.

"आज नको," मी हळूच म्हटलं. "लोक बघतात."

"आयनी मना सांगून ठेवलाय," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

चुलत्यांनी मान वळवली. "कसली गोली गो ही? मयताच्या घरात?"

"एचआयव्हीची," सुनंदा म्हणाली. "रोजची हाय. आय देयाची."

माझ्या कानात वीस वर्षांचे लूम एकदम थांबल्यासारखं झालं. मी आयच्या तोंडाकडे बघितलं. मग गोळी घेतली, गडूला तोंड लावलं आणि प्यालो.

चुलते माझ्याजवळ आले. मग त्यांनी हात पुढे केला, माझ्या हातातून गडू घेतला आणि आयच्या उशाशी ठेवला.